गोंगाटातला फोन : शेतीकामात बिनतारी हेडसेट वापरताना

मार्च महिन्यातील दुपार. गव्हाची मळणी सुरू आहे. ट्रॅक्टरच्या पीटीओवर मळणी यंत्र फिरत आहे, भुसा उडत आहे आणि तिघेजण आळीपाळीने पेंढ्या यंत्राच्या तोंडाशी सारत आहेत. इतक्यात ट्रॅक्टरमालकाच्या खिशातील फोन थरथरतो. पलीकडच्या शिवारातील शेतकरी यंत्र केव्हा येणार, असे विचारत असतो. मालक फोन एका कानाशी दाबतो, दुसऱ्या कानावर तळहात ठेवतो, चार पावले दूर जातो आणि मोठ्याने उत्तर देतो. पलीकडून पुन्हा पुन्हा एकच वाक्य येते, ‘आवाज येत नाही, परत सांगा.’ या तीन-चार मिनिटांत मालकाची नजर यंत्रावर नसते.

हे दृश्य मळणीपुरते मर्यादित नाही. द्राक्षबागेत ट्रॅक्टरचलित ब्लोअरने फवारणी करणारा चालक, ऊस तोडणी यंत्राच्या चालकाला शेजारून धावणाऱ्या ट्रॉलीशी जुळवून घेण्यासाठी करावे लागणारे फोन, हंगामानुसार एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जाणाऱ्या कम्बाइन हार्वेस्टरची पथके, कडबाकुट्टी, पॉवर वीडर आणि ब्रश कटर चालविणारे मजूर या सर्वांची अडचण सारखीच आहे. शेतीचे यांत्रिकीकरण वाढले, तसा शेतातील गोंगाटही वाढला. भाडेतत्त्वावर यंत्रे देण्याचा व्यवसाय तर फोनवरच चालतो. त्यामुळे गेल्या काही वर्षांत ट्रॅक्टरचालकांच्या कानात आणि गळ्यात बिनतारी हेडसेट सर्रास दिसू लागले आहेत.

हे साधन उपयुक्त आहे. मात्र ते हात मोकळे करते आणि त्याच वेळी कान अडवते. आवाजाच्या ठिकाणी काम करणाऱ्या माणसाने हेडसेट घेण्यापूर्वी ‘या कामात कानाला काय ऐकू आलेच पाहिजे?’ हा प्रश्न स्वतःला विचारावा. साधनाची निवड आणि वापराची पद्धत या प्रश्नाच्या उत्तरावरून ठरते.

कानापाशी पोहोचणारा आवाज

आवाजाची पातळी डेसिबल या एककात मोजतात. हे मोजमाप साध्या बेरजेचे नाही. आवाज ३ डेसिबलने वाढला, की कानावर येणारी ध्वनिऊर्जा दुप्पट होते. ९० आणि ९३ हे आकडे जवळचे वाटतात. पण ९३ डेसिबलच्या ठिकाणी एक तास काम करणे म्हणजे ९० डेसिबलच्या ठिकाणी दोन तास काम करण्याइतका भार कानाने सोसणे होय.

अमेरिकेच्या राष्ट्रीय व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य संस्थेने कामाच्या ठिकाणी ८५ डेसिबलच्या आवाजात दिवसाला ८ तास ही मर्यादा सुचविली आहे. पुढील प्रत्येक ३ डेसिबलच्या वाढीला हा कालावधी निम्मा होतो :

८५ डेसिबल – ८ तास
८८ डेसिबल – ४ तास
९१ डेसिबल – २ तास
९४ डेसिबल – १ तास
९७ डेसिबल – ३० मिनिटे
१०० डेसिबल – १५ मिनिटे

केबिन नसलेल्या ट्रॅक्टरवर, भार असताना, चालकाच्या कानापाशी साधारणतः ९० ते १०० डेसिबल इतका आवाज पोहोचू शकतो. भारतात कारखाने अधिनियम, १९४८ च्या तिसऱ्या परिशिष्टात गोंगाटामुळे येणाऱ्या बहिरेपणाचा समावेश सूचनीय आजारांमध्ये करण्यात आला. कारखान्यातील कामगाराच्या कानाची दखल अशी कायद्याने घेतली. शेताच्या बांधावर मात्र आवाज मोजायला कोणी येत नाही. तेथे शेतकऱ्यालाच स्वतःच्या आणि मजुरांच्या कानाची काळजी घ्यावी लागते.

त्यासाठी दोन सोपे मार्ग आहेत. पहिला म्हणजे ट्रॅक्टर खरेदी करताना त्याचा चाचणी अहवाल पाहणे. मध्य प्रदेशातील बुदनी येथील केंद्रीय कृषी यंत्रसामग्री प्रशिक्षण व चाचणी संस्थेच्या अहवालात चालकाच्या कानापाशी मोजलेल्या आवाजाचा आकडा दिलेला असतो. अश्वशक्ती आणि डिझेलचा खप पाहणाऱ्या खरेदीदाराने तोही आकडा पाहावा. दुसऱ्या मार्गाला उपकरण लागत नाही. हातभर अंतरावर उभ्या असलेल्या माणसाशी ओरडून बोलावे लागत असेल, तर त्या जागी आवाज ८५ डेसिबलच्या पुढे आहे असे समजावे.

गोंगाटाने येणारा बहिरेपणा दुखत नाही, म्हणून तो लक्षात येत नाही. आतल्या कानातील सूक्ष्म केसपेशी सततच्या मोठ्या आवाजाने निकामी होतात आणि त्या पुन्हा उगवत नाहीत. सुरुवातीला ४००० हर्ट्झच्या आसपासचे, म्हणजे उंच पट्टीतील आवाज ऐकू येईनासे होतात. स, श, फ यांसारखी व्यंजने याच उंच पट्टीतील असतात. त्यामुळे माणसाला बोलणे ऐकू येते, पण शब्द स्पष्ट कळत नाहीत. ‘साठ’ आणि ‘आठ’ यांतील फरक हरवतो. काम संपल्यावर संध्याकाळी कानात गुणगुण किंवा शिट्टीसारखा आवाज येणे, कान दडे बसल्यासारखे वाटणे, ही पहिली सूचना असते. रात्रीच्या झोपेनंतर बरे वाटते, म्हणून ती दुर्लक्षित राहते.

अडचण दोन बाजूंची

गोंगाटातील फोनमध्ये दोन वेगवेगळ्या अडचणी असतात. आपले बोलणे पलीकडे न पोहोचणे ही एक आणि पलीकडचे बोलणे आपल्याला न कळणे ही दुसरी. बाजारातील हेडसेट या दोन्ही अडचणी सारख्याच सोडवत नाहीत.

पहिली अडचण माईकची आहे. माईक तोंडाच्या जितका जवळ, तितके बोलणे गोंगाटाच्या वर उठते. तोंड आणि माईक यांतील अंतर निम्मे झाले, की बोलण्याची पातळी साधारण ६ डेसिबलने वाढते; यंत्राचा आवाज मात्र तेवढाच राहतो. माईक १६ सेंटीमीटरवरून २ सेंटीमीटरवर आणला, तर अंतर तीनदा निम्मे होते आणि सुमारे १८ डेसिबलचा फायदा मिळतो. कानात बसणाऱ्या छोट्या इअरबडचा माईक तोंडापासून बराच दूर, गालाच्या मागे असतो. तोंडासमोर येणाऱ्या लवचिक दांडीवर माईक असलेला हेडसेट दिसायला अवजड असला, तरी मळणीच्या ठिकाणी तोच अधिक उपयोगी ठरतो. दांडीच्या टोकावरील स्पंजचे टोपण काढू नये. वाऱ्याचा झोत थेट माईकवर आदळला, की पलीकडे फक्त घरघर ऐकू जाते आणि हे टोपण तोच झोत अडवते.

माईक जवळ असल्याचा आणखी एक लाभ आहे. गोंगाटात माणूस नकळत आवाज चढवून बोलतो. एत्येन लोम्बार नावाच्या फ्रेंच कानतज्ज्ञाने विसाव्या शतकाच्या आरंभी ही बाब नोंदविली. ओरडून बोललेले शब्द फाटतात आणि पलीकडे उलट कमी कळतात. माईक ओठांजवळ असेल, तर नेहमीच्या आवाजात, थोडे सावकाश बोलणे पुरते.

दुसरी अडचण कानाची आहे आणि खरा धोका येथेच आहे. समजा, ट्रॅक्टरवर चालकाच्या कानापाशी ९२ डेसिबल आवाज आहे. कानाला सैल बसणारा इअरबड हा आवाज फारसा अडवत नाही. पलीकडचे बोलणे कळण्यासाठी ते गोंगाटाच्या वर असावे लागते. म्हणून चालक आवाजाचे बटण दाबत जातो आणि कानात ९५ ते १०० डेसिबलचे बोलणे सोडतो. यंत्राच्या आवाजावर फोनचा आवाज चढतो. वर दिलेल्या तक्त्यानुसार १०० डेसिबलसाठी दिवसभराचा कोटा अवघ्या १५ मिनिटांचा आहे. तीन-चार फोनमध्ये तो संपतो.

आता याच चालकाने बाहेरचा आवाज २० डेसिबलने अडविणारे साधन नीट बसविले, तर आत पोहोचणारा गोंगाट ७२ डेसिबलवर येतो. मग ८० डेसिबलचे बोलणेही स्वच्छ कळते. म्हणजे फोन ऐकू येण्यासाठी बाहेरचा गोंगाट कमी करणे हा सुरक्षित मार्ग आहे. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ यांनी संयुक्तपणे ठरविलेल्या मानकात वैयक्तिक श्रवणसाधनांसाठी प्रौढांना आठवड्याला ४० तास ८० डेसिबल ही मर्यादा धरली आहे.

खोक्यावरील अक्षरे कशी वाचावीत

हेडसेटच्या खोक्यावर छापलेली अक्षरे खरेदीदाराला गोंधळात टाकतात. त्यातील चार बाबी समजून घेतल्या, तर फसगत टळते.

ईएनसी : ही सोय माईकसाठी असते. आजूबाजूचा गोंगाट गाळून आपले बोलणे पलीकडे स्वच्छ पाठविणे हे तिचे काम. तिचा लाभ समोरच्याला होतो. घालणाऱ्याच्या कानाला तिच्यामुळे कोणतेही संरक्षण मिळत नाही.

एएनसी : ही सोय कानासाठी असते. बाहेरून येणाऱ्या ध्वनिलहरीच्या नेमकी उलट लहर हेडसेट निर्माण करतो आणि दोन्ही लहरी एकमेकींना बऱ्याच अंशी निष्प्रभ करतात. इंजिनाच्या एकसुरी, खालच्या पट्टीतील घरघरीवर ही पद्धत चांगली चालते. धातूवर धातू आदळणे, कटरची किंचाळी, अचानक होणारा खडखडाट यांवर तिचा परिणाम कमी असतो. वाऱ्यात ती नीट काम करत नाही. म्हणून एएनसी असलेला इअरबड हे श्रवणसंरक्षक साधन आहे असे समजू नये. श्रवणसंरक्षक साधनावर आवाज किती डेसिबलने अडविला जातो, हा चाचणीने ठरविलेला आकडा छापलेला असतो. प्रत्यक्ष वापरात, साधन सैल बसल्यास, मिळणारे संरक्षण त्या आकड्यापेक्षा कमी असते.

स्टिरिओ : डाव्या-उजव्या कानात वेगळा ध्वनी, हा गुण गाण्यासाठी आहे. फोन सुरू होऊन माईक उघडला, की ब्लूटूथची जोडणी संगीताच्या पद्धतीवरून संभाषणाच्या पद्धतीवर जाते आणि दोन्ही कानांत एकच आवाज येतो. गाणी उत्तम वाजविणारा हेडसेट फोनवर साधाच वाटतो, त्याचे हे कारण आहे. दुकानात हेडसेट पारखताना गाणे लावून पाहू नये. रस्त्याच्या कडेला उभे राहून घरी फोन करावा आणि पलीकडच्याला काय ऐकू येते ते विचारावे.

आयपी क्रमांक : यातील पहिला अंक धुळीपासूनचे आणि दुसरा अंक पाण्यापासूनचे संरक्षण सांगतो. ‘आयपीएक्स४’ असे लिहिले असेल, तर पाण्याच्या शिंतोड्यांची चाचणी झालेली आहे आणि ‘एक्स’ म्हणजे धुळीविषयी काहीच सांगितलेले नाही. मळणीचा भुसा आणि नांगरटीची धूळ लक्षात घेता, शेतकऱ्याने पहिल्या जागी ५ किंवा ६ हा अंक असलेले साधन निवडावे.

कामानुसार साधन

सर्व कामांना एकच हेडसेट योग्य ठरत नाही. शेतातील कामांच्या दृष्टीने चार प्रकारांचा विचार करता येतो.

कानावर घट्ट बसणाऱ्या वाट्यांचे, ब्लूटूथ असलेले श्रवणसंरक्षक मफ हे ट्रॅक्टर, ब्लोअर किंवा ब्रश कटरवर तासन्‌तास काम करणाऱ्या चालकासाठी सर्वांत योग्य साधन आहे. ते आधी गोंगाट अडवते आणि मग बोलणे ऐकविते. अशा काही साधनांत आतील स्पीकरचा आवाज सुमारे ८२ डेसिबलच्या पुढे जाऊ न देण्याची व्यवस्था असते. मफची किंमत साध्या इअरबडपेक्षा अधिक असते आणि उन्हाळ्यात कानाभोवती घाम येतो. गादीच्या कडेत चष्म्याची दांडी, पागोटे किंवा टोपीची किनार अडकली, तर फट राहते आणि संरक्षण घटते.

एका कानाचा, दांडीच्या माईकचा हेडसेट हा मुकादम, देखरेख करणारा शेतकरी किंवा यंत्रापासून दूर राहून समन्वय साधणाऱ्यासाठी सोयीचा आहे. दुसरा कान मोकळा राहतो. जेथे हातभर अंतरावर साध्या आवाजात बोलता येते, तेथेच तो वापरावा.

हाडामार्गे ध्वनी पोहोचविणारा हेडसेट कानाच्या पुढील हाडावर टेकतो आणि कानाचे छिद्र मोकळे ठेवतो. बागेत, गोठ्यात, पाणी देताना तो चांगला. मोठ्या गोंगाटात मात्र त्यातील बोलणे बुडते. तेथे कानात स्पंजचे साधे इअरप्लग घालून वरून हा हेडसेट लावल्यास गोंगाट अडतो आणि हाडातून येणारे बोलणे अधिक ठळक होते. हाडातून आलेला आवाजही शेवटी त्याच आतल्या कानात पोहोचतो, म्हणून तो कितीही मोठा केला तरी निर्धोक, हा समज चुकीचा आहे.

दोन्ही कानांत बसणारे छोटे इअरबड सर्वाधिक विकले जातात. शांत जागी ते ठीक आहेत. चालू यंत्राजवळ ते ना पुरेसे संरक्षण देतात, ना पुरेसे ऐकू देतात. शिवाय ओणवे होऊन काम करताना ते कानातून निसटतात. निसटलेला इअरबड पकडण्यासाठी फिरत्या यंत्राकडे हात जाणे ही सहज घडणारी आणि घातक क्रिया आहे.

तार नसण्याचा खरा लाभ

बिनतारी साधनाची जाहिरात सोयीसाठी केली जाते. शेतीच्या दृष्टीने त्याचे महत्त्व सुरक्षिततेत आहे. ट्रॅक्टरचा पीटीओ शाफ्ट मिनिटाला ५४० फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला ९. इअरफोनची तार, ओढणी, पदर, उपरणे किंवा सैल बाही एकदा त्यात गुंतली, की माणसाला हात मागे घेण्यासही वेळ मिळत नाही. मळणी यंत्रांवरील अपघातांची दखल घेऊन केंद्र सरकारने १९८३ मध्ये धोकादायक यंत्रे (नियमन) अधिनियम केला. पेंढी सारण्याच्या तोंडाची रचना सुरक्षित असावी, हा त्यामागील एक हेतू होता. अशा यंत्राजवळ गळ्यात लोंबणारी तार असणे म्हणजे धोका स्वतःहून जवळ करणे होय.

हाच निकष गळ्यात अडकविण्याच्या पट्टीच्या हेडसेटलाही लागू आहे. त्याला फोनकडे जाणारी तार नसली, तरी पट्टीपासून कानापर्यंतच्या दोन तारा असतातच आणि वाकल्यावर पट्टी पुढे लोंबते. ब्लोअरचा पंखा, कडबाकुट्टीचे चाक, मळणी यंत्राचा पट्टा यांच्याजवळ ती वापरू नये. शाफ्टवरील संरक्षक आवरण जागेवर असणे ही तर पहिली अट आहे.

बिनतारी जोडणी तुटत असेल, तर बहुतेक वेळा फोनची जागा चुकलेली असते. ब्लूटूथ २.४ गिगाहर्ट्झच्या लहरींवर चालते आणि शरीरातील पाणी या लहरी शोषून घेते. हेडसेटचा मुख्य भाग उजव्या कानात आणि फोन डाव्या मागच्या खिशात असेल, तर मध्ये सारे शरीर येते. फोन त्याच बाजूच्या छातीच्या खिशात, बटण किंवा चेन लावून ठेवावा. फोन ट्रॅक्टरच्या पत्र्याच्या पेटीत ठेवून खाली उतरल्यास आवाज तुटणारच.

यंत्राचे बोलणे

अनुभवी चालक यंत्र डोळ्यांनी जितके चालवितो, तितकेच कानांनी. मळणी यंत्रात पेंढी जास्त गेली, की इंजिनाचा आवाज खोल जातो. पट्टा घसरू लागला, की किंचाळी येते. बेअरिंग कोरडे पडले, की कुरकुर सुरू होते. पंपाने पाणी सोडले, की मोटरचा सूर हलका होतो. ब्लोअरचे एखादे नोझल तुंबले, तरी फवाऱ्याचा आवाज बदलतो. ही सर्व माहिती बिघाडाच्या आधी मिळते. कानात गाणे किंवा लांबलेले संभाषण असेल, तर ती निसटते आणि पुढे दुरुस्तीच्या खर्चाच्या रूपाने समोर येते.

माणसांचे आवाज त्याहून महत्त्वाचे आहेत. ट्रॅक्टर मागे घेताना कोणी ‘थांबा’ म्हणून ओरडले, पेंढी सारणाऱ्याचा हात ओढला गेला, ट्रॉलीमागे मूल आले, तर चालकाला ती हाक ऐकू आलीच पाहिजे. मफ घातलेल्या चालकालाही ती स्पष्ट ऐकू येईल याची खात्री नसते. म्हणून जेथे कान झाकणे आवश्यक आहे, तेथे हाताच्या खुणा आधी ठरवून घ्याव्यात. दोन्ही हात डोक्यावर आडवे नेले की यंत्र बंद, अशी एक खूण सर्वांनी पाळली तरी पुरेसे आहे. ट्रॅक्टर मागे घेताना खुणा करणारा माणूस चालकाला दिसेल अशा जागी उभा राहावा. तो दिसेनासा झाला, की ट्रॅक्टर थांबवावा.

रस्त्यावर ट्रॅक्टर चालविताना हा विषय कायद्याच्याही कक्षेत येतो. मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीनुसार वाहन चालविताना हातात धरलेले संपर्क साधन वापरणे हे धोकादायक वाहनचालन ठरते. हेडसेटने हात मोकळा होतो. लक्ष मात्र संभाषणातच गुंतलेले राहते. उसाच्या दोन भरलेल्या ट्रॉल्या ओढणाऱ्या चालकाने फोन आल्यास कडेला थांबून बोलावे.

फवारणी, धूळ आणि ऊन

फवारणीच्या वेळी कानात इअरबड घालू नये. औषध लागलेल्या हातमोज्याने इअरबड चाचपला, की ते औषध थेट कानाच्या छिद्रात जाते. कीटकनाशकांच्या त्वचेतून होणाऱ्या शोषणाचा अभ्यास सांगतो, की कानाच्या छिद्रातील त्वचा हाताच्या त्वचेच्या तुलनेत सुमारे पाच पट शोषण करते. फवारणी करणाऱ्याचा फोन बांधावरील माणसाकडे द्यावा. ब्लोअरचालकाने मफ वापरल्यास त्याच्या वाट्या बाहेरून रोज पुसाव्यात आणि गादी खराब झाल्यास बदलावी.

घामाने ओल्या कानात तासन्‌तास इअरबड राहिल्यास छिद्रात बुरशी वाढू शकते. पावसाळ्यात आणि किनारी भागांत ही शक्यता अधिक. दर तासाला कान मोकळा करावा, इअरबड कोरड्या कापडाने पुसावा आणि एकाचा इअरबड दुसऱ्याने वापरू नये. कानातून पाणी येत असेल किंवा खाज सुटत असेल, तर काडी घालण्याऐवजी डॉक्टरांना दाखवावे.

हेडसेटमध्ये लिथियम-आयन बॅटरी असते. अशी बॅटरी चार्ज करण्यासाठी साधारणतः ० ते ४५ अंश सेल्सिअस तापमान योग्य मानले जाते. वैशाखात उन्हात उभ्या असलेल्या ट्रॅक्टरच्या बॉनेटवर किंवा बंद गाडीच्या काचेमागे तापमान याच्या बरेच पुढे जाते. म्हणून हेडसेट सावलीत ठेवावा आणि रात्री घरी चार्ज करावा. फुगलेली बॅटरी असलेले साधन वापरू नये.

बोलण्याची शिस्त

साधन कितीही चांगले असले, तरी गोंगाटात ऐकलेला आकडा भरवशाचा नसतो. फोनवरील ध्वनी मुळातच मर्यादित पट्ट्यात येतो आणि यंत्राचा आवाज त्यातील उरलीसुरली व्यंजने गिळतो. ‘वीस’ की ‘तीस’, ‘साठ’ की ‘आठ’, हा घोळ बाजारभावात झाला तर नुकसान पैशाचे. पण औषधाच्या मात्रेत झाला तर पीक, जमीन आणि फवारणी करणारा माणूस, सर्वांनाच धोका. किसान कॉल सेंटरची सेवा २००४ पासून सुरू आहे. १८००-१८०-१५५१ या निःशुल्क क्रमांकावर सकाळी ६ ते रात्री १० या वेळेत मराठीतूनही सल्ला मिळतो. हा सल्ला घेण्यासाठी यंत्र बंद करून, सावलीत बसून, कागद-पेन हाताशी ठेवून फोन करावा. सांगितलेला आकडा स्वतः पुन्हा म्हणून दाखवावा. कृषी सहायक किंवा दुकानदाराने फोनवर मात्रा सांगितली, तर ती लेखी संदेशाने मागवून घ्यावी आणि डब्यावरील लेबलाशी पडताळावी.

कामावरील फोनसाठी प्रत्येक पथकाने साधे नियम ठरवावेत. चालू यंत्रावर आलेला फोन लगेच घ्यायचा नाही. दोनदा लागोपाठ फोन आला, तर तो तातडीचा समजून यंत्र थांबवायचे. पत्ता, वेळ आणि दर संदेशाने पाठवायचे. पेंढी सारणाऱ्याने हेडसेट लावायचा नाही. निरोप घेण्याचे काम यंत्रापासून दूर असलेल्या एकाकडेच द्यायचे.

विस्तार कार्यकर्त्यांसाठी

कृषी विज्ञान केंद्रे आणि कृषी विभागाच्या कार्यकर्त्यांना हा विषय अर्ध्या तासाच्या प्रात्यक्षिकात मांडता येतो. मळणी यंत्र चालू ठेवून हातभर अंतरावर दोघांना बोलायला सांगावे. नंतर एकाने यंत्रापासून ५, १० आणि २० मीटर अंतरावरून गावातील दुसऱ्या शेतकऱ्याला फोन करावा आणि दहा संख्या वाचून दाखवाव्यात. पलीकडच्याने त्या लिहून घ्याव्यात. हाच प्रयोग साधा फोन, इअरबड आणि दांडीच्या माईकचा हेडसेट यांनी करावा. नंतर बाजू बदलून संख्या गावातून वाचाव्यात आणि यंत्राजवळच्याने त्या लिहाव्यात. किती संख्या चुकल्या, हे कागदावर पाहिल्यानंतर कोणत्याही व्याख्यानाची गरज उरत नाही. बहुतेक ठिकाणी वीस पावले दूर जाण्याचा लाभ महागड्या साधनाच्या बरोबरीचा असल्याचे शेतकऱ्यांना स्वतःच दिसेल.

स्पंजचे इअरप्लग घालण्याची पद्धतही याच वेळी दाखवावी. प्लग बोटांनी बारीक वळावा, दुसऱ्या हाताने कान वर व मागे ओढावा, प्लग आत सरकवावा आणि तो फुगेपर्यंत बोटाने धरून ठेवावा. नुसता टोकाशी अडकविलेला प्लग आवाज अडवत नाही. भोपाळ येथील केंद्रीय कृषी अभियांत्रिकी संस्थेत समन्वय कक्ष असलेल्या अखिल भारतीय समन्वित संशोधन प्रकल्पाने शेतीकामातील श्रम आणि सुरक्षितता या विषयावर प्रदीर्घ काम केले आहे. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी यंत्रांच्या प्रशिक्षणात त्या विषयाबरोबर कानाच्या संरक्षणाचाही समावेश करावा. हंगामाच्या आधी आणि नंतर चालकांची श्रवणचाचणी जवळच्या रुग्णालयात करून घेतल्यास बिघाड वेळेत लक्षात येतो. ३ मार्च हा जागतिक श्रवण दिन रब्बी मळणीच्या तोंडावरच येतो. या कार्यक्रमासाठी तो दिवस सोयीचा आहे.

मळणीच्या त्या दुपारी ट्रॅक्टरमालकाच्या कानावर योग्य मफ असता, तर फोन आल्याचे त्याला न ओरडता कळले असते. त्याने हात वर करून खूण केली असती, पीटीओ बंद झाला असता, पेंढी सारणारे तिघे दोन घोट पाणी प्यायले असते आणि ‘संध्याकाळी पाच वाजता येतो’ हा निरोप एकाच वेळी, एकाच वाक्यात पोहोचला असता. मळणी फार तर दोन मिनिटे थांबली असती.